मोजदाद

म्युझियमच्या दारातून आत पाय टाकला तर टेबलामागचे आजोबा हसून गुड मॉर्निंग म्हणाले, ट्रेनने आलात का असं विचारलं, नवऱ्याने हातातली गाडीची किल्ली जराशी हलवली, आणि त्यांनी समोरच्या कागदावर पेन्सिलीने तीन उभ्या रेघा ओढल्या. आईची एक, माझी एक, नवऱ्याची एक. कागदावर दोन रकाने आखलेले होते, ट्रेनने आलेले आणि बाकीचे, आणि आम्ही अर्थातच बाकीच्यांत गेलो. बाकीच्यांचा रकाना चांगला भरलेला होता. आईच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. "अगं, काय लिहिलं त्यांनी?" म्हटलं काही नाही गं, किती माणसं आली ते मोजतात. "पण तिकीट तर घेतलंच नाही आपलं. मग मोजतात कशाला?" मला काही सांगता आलं नाही. आई पुढच्या फोटोकडे वळली पण माझं लक्ष मात्र त्या कागदावरून हलेना, कारण आजोबा त्या रेघा ज्या पद्धतीने ओढत होते त्यात उरकून टाकल्याचा भाव अजिबात नव्हता. बँकेत जुने कॅशियर नोटा मोजायचे ना, तसं गंभीर काम चाललं होतं.

स्टेशन रिबलहेडचं. इंग्लंडच्या उत्तरेला सेटल ते कार्लाइल अशी ७२ मैलांची लाइन आहे, मिडलंड रेल्वेने १८६९ ते १८७६ मध्ये डोंगर फोडून केलेली, तिच्यावरचं हे एक आडबाजूचं स्टेशन. गाव असं नाहीच. एक पब, दोनचार घरं, मेंढ्या, आणि वारा. वारा म्हणजे कारचं दार उघडताना नवऱ्याने दोन्ही हातांनी धरून ठेवलं तेव्हा कुठे आई उतरू शकली. स्टेशन आहे छोटंसं, दगडी, उतरत्या टोकदार छपरांचं, लाकडाला तांबडा आणि क्रीम रंग दिलेला. अशा ठिकाणी पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो, म्हणून वाऱ्याकडच्या भिंतीला पाटीच्या दगडाच्या चिपा लावल्यात. आत मात्र एकदम शांत आणि उबदार, फर्निचर पॉलिशचा वास, त्यात भिजलेल्या लोकरीचा वास (आमच्याच जॅकेट्सचा आणि आईच्या शालीचा), आणि खिडकीची काच मधूनच थरथरल्याचा आवाज. एकेकाळचं तिकीट ऑफिस आणि वेटिंग रूम आता म्युझियम झालंय. फोटो, नकाशे, जुन्या वस्तू, पाट्या. एका ट्रस्टने इमारत लीजवर घेऊन दुरुस्त केली आणि ती उघडायची, पुसायची, आल्यागेल्याला माहिती द्यायची हे सगळं व्हॉलंटियर लोक करतात.

खरं सांगायचं तर मला स्टेशनांची म्युझियमं फारशी आवडत नाहीत. लहानपणी मामाकडे जाताना मध्ये गाडी बदलावी लागायची आणि दुसरी गाडी पहाटे, त्यामुळे वेटिंग रूम म्हणजे काय हे मला नीट माहितीये. चादर अंथरून झोपलेली माणसं, फिनाइलचा वास, कुणाच्या तरी बाळाची किरकिर, आई बॅगेवर डोकं ठेवून एक डोळा उघडा ठेवून पडलेली, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी दाराशी जाऊन बोर्ड बघून येणार. कोणाला ती खोली आवडायची नाही पण सगळे तिथे असायचे. म्युझियम झालेल्या वेटिंग रूममध्ये नेमकं तेच नसतं, कुणी कशाची वाट बघत नसतं. बाकाला इतकं चकचकीत पॉलिश की त्यावर कधी कोणी कंटाळून बसलं असेल असं वाटतच नाही. रिबलहेडला आत शिरताना माझ्या मनात हीच अढी होती. की झालं, आता अजून एक गोड, पुसून ठेवलेला भूतकाळ.

ती अढी थोडी सैल झाली ती गाडी आल्यावर.

आजोबा आईला काहीतरी सांगत होते, वाक्य अर्धवट टाकून एकदम उठले, 'एक मिनिट' म्हणून प्लॅटफॉर्मवर गेले. दोन डब्यांची डिझेल गाडी येऊन थांबली, पाठीवर सॅक घेतलेले दोघंतिघं उतरले, गार्डने हात केला, यांनी हात केला, गाडी गेली. आजोबा आत आले, आधी कागदावर रेघा ओढल्या, ट्रेनच्या रकान्यात, आणि मग अर्धवट वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं. म्हणजे हे स्टेशन अजून चालू आहे. म्युझियमच्या दाराबाहेर खरीखुरी गाडी थांबते, खरे लोक चिडून घड्याळ बघतात. मला ते फार बरं वाटलं. आईला दुसरंच काहीतरी वाटत होतं. तिने विचारायला लावलं की तुम्ही रेल्वेत होतात का. तर नाही, आयुष्यभर कुठल्याशा ऑफिसात हिशेब केले, रेल्वेशी संबंध म्हणजे पास काढून प्रवास. "आणि इथे पगार?" काही नाही. "जेवणखाण?" डबा घरून. आई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "घरी सून कटकट करत असेल." मी हे भाषांतर केलं नाही.

मग आजोबांनी जे सांगितलं त्यात सन आणि आकडेच जास्त होते, आणि एरवी आकडे ऐकून मला झोप येते. ही लाइन दोनदा मरता मरता वाचली. १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या कपातीचा जो प्रसिद्ध अहवाल आला त्यात हिच्यावरची प्रवासी वाहतूक बंद करा असं होतं, तेव्हा निभावलं, पण १९७० मध्ये सेटल आणि ॲपलबी सोडून बाकी छोटी स्टेशनं बंद झाली, त्यात रिबलहेड. पुढे तर एका बाजूचा प्लॅटफॉर्मही उखडून टाकला. १९८३ मध्ये अख्खी लाइनच बंद करायची ठरली. कारण स्टेशनशेजारचा पूल. चोवीस कमानींचा, ४०० मीटर लांब, ३२ मीटर उंच, शंभर वर्षांचं पाणी आणि बर्फ आत मुरून कमजोर झालेला, दुरुस्तीचा अंदाजी आकडा काही मिलियन पौंडांत आणि वर्षाला प्रवासी जेमतेम ९३ हजार. हिशेब बघितला तर बंद करणारे तसे वेडे नव्हते, हे मला मनातल्या मनात पटलं. नवऱ्याला तर उघड पटलं, तो म्हणाला मीही बंदच केली असती. आजोबा हसले. म्हणाले, आम्हालाही ते कळत होतं, म्हणून आम्ही हिशेबच बदलायला घेतला.

बंद करायचं काम बघायला रॉन कॉटन नावाचा एक रेल्वे मॅनेजर नेमला होता. त्याने बंद होईपर्यंत निदान धंदा तरी करू म्हणून स्वस्त तिकिटं काढली, गाड्या वाढवल्या, जाहिरात केली, आणि लाइन मरणार म्हटल्यावर शेवटचं बघून घेऊ म्हणून लोक येऊ लागले ते थांबेचनात. १९८६ मध्ये आठ बंद स्टेशनं पुन्हा उघडली. त्यात रिबलहेडही होतं, पण प्लॅटफॉर्म एकच उरलेला, त्यामुळे दक्षिणेला जाणारी गाडी थांबायची आणि उत्तरेला जाणारी नुसती डोळ्यासमोरून निघून जायची. नवा प्लॅटफॉर्म व्हायला १९९३ उजाडलं. मला ही सात वर्षं फार आवडली. अर्धं उघडं स्टेशन, आणि तरी लोक येत होते. दुसरीकडे लाइन वाचवायला लोकांची संघटना होती, १९८१ पासून, ते गाड्यांतून फिरून लोकांना हरकतीचे अर्ज भरायला लावत होते. कारण तिकडच्या कायद्यात एक गंमत होती, लाइन बंद होऊ नये असं म्हणायचा अधिकार फक्त तिच्यावरून प्रवास करणाऱ्यालाच. पूल सुंदर आहे, इतिहास थोर आहे, याला कागदावर शून्य किंमत. माझी गैरसोय होईल असं एका प्रवाशाने लिहून दिलं तर ती एक हरकत. अशा हरकती २२ हजारांवर गेल्या. आणि प्रवासी ९३ हजारांवरून १९८९ पर्यंत साडेचार लाखांवर. ११ एप्रिल १९८९ ला सरकारने सांगितलं की लाइन बंद होणार नाही. पुढे पुलाची दुरुस्ती आधी सांगितलेल्या भीतीदायक आकड्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत झाली, हे वेगळंच.

म्हणजे ते आजोबा रेघा का ओढतात हे मला तिथे उभ्याउभ्या कळलं आणि ट्रेनचा रकाना वेगळा का तेही कळलं. ज्यांनी एकेका डोक्याच्या मोजणीवर स्टेशन वाचवलंय त्यांना तो हिशेब आता बंद ठेवायची हिंमत होत नसणार. नवरा म्हणाला आता काय धोका आहे, आता तर वारसा म्हणून सगळे मिरवतात. असेल. पण मी त्यांच्या जागी असते तर मीही मोजत राहिले असते.

आईला मात्र या सगळ्यातून एकच गोष्ट आवडली, कुत्रा. त्या २२ हजारांत एक हरकत कुत्र्याची होती. रसप त्याचं नाव, संघटनेचे पहिले सेक्रेटरी ग्रॅहम नटॉल यांचा कुत्रा. त्याचंही भाडं भरलेलं असायचं, म्हणजे तो रीतसर प्रवासी, म्हणजे त्याची हरकत धरायलाच लागणार, म्हणून त्याचा पंजा कागदावर उमटवला आणि तो धरला गेला. लाइन वाचली त्याच्या पुढच्या जानेवारीत नटॉल कुत्र्याला घेऊन वेल्समधल्या डोंगरांत फिरायला गेले ते परतलेच नाहीत. शोधाशोध झाली, पोस्टर लावली. अकरा आठवड्यांनी ओढ्याकाठी त्यांचा देह सापडला आणि शेजारी कुत्रा, जिवंत, इतका अशक्त की उचलून आणावा लागला. मालकाच्या अंत्यविधीपर्यंत जगला आणि मग गेला. याच लाइनवर पुढे गार्सडेल स्टेशन आहे तिथे त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. मी हे आईला मराठीत सांगत होते आणि मला वाटलं ती डोळे पुसणार, पण ती बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "अकरा आठवडे त्याने खाल्लं काय?" आई नेहमी असंच विचारते. तिला भावनेपेक्षा आधी जेवणाची काळजी.

आणि तिच्या याच सवयीमुळे आम्ही म्युझियमच्या त्या दुसऱ्या भिंतीपाशी पोचलो, जिथे मी कदाचित नुसती नजर टाकून पुढे गेले असते.

तिथे पूल बांधणाऱ्या मजुरांचं होतं. पुलाखालच्या दलदलीच्या माळावर तेव्हा लाकडी झोपड्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या होत्या. बॅटी ग्रीन नावाची सगळ्यात मोठी, तिथे दोनेक हजार माणसं, शिवाय सेबास्टोपोल, जेरिको अशी नावं, म्हणजे क्रिमियाच्या लढाईतून आणि बायबलातून उचललेली. शाळा होती, दवाखाना होता, दुकानं होती, दारू तर होतीच. फोटोत चिखल, फळ्यांच्या झोपड्या, आणि मागे कमानींचे अर्धवट खांब. "बायका होत्या का?" आईने विचारलं. होत्या, पोरंबाळंही होती. "मग एवढ्या वाऱ्यात चूल कशी पेटवायच्या? पाणी कुठून आणायच्या? धुणं वाळायचं कसं?" मी भाषांतर करून विचारलं. आजोबा क्षणभर थांबले, मग म्हणाले की हे आजवर त्यांना कोणी विचारलं नव्हतं, लोक पुलाच्या विटा विचारतात (पंधरा लाख), दगडाचं वजन विचारतात, दर सहावा खांब जाड का आहे ते विचारतात. तो का जाड, तर एखादा खांब पडलाच तर सगळा पूल पत्त्यांसारखा जाऊ नये, फार तर सहा कमानी जाव्यात म्हणून. मग त्यांनी कपाटातून एक फाइल काढली आणि आईला खुर्ची दिली. झोपड्या ऐसपैस नसायच्याच, त्यात घरच्या माणसांबरोबर भाडं देऊन राहणारे मजूर, आणि त्या सगळ्यांचं रांधणं-धुणं त्या एका बाईकडे. १८७१ मध्ये देवीची साथ आली. आईने देवी शब्द ऐकल्यावर दंडावरच्या लसीच्या वणावर हात ठेवला, सहजच, तिला कळलंही नसेल.

मेलेल्यांना जवळच्या चॅपल-ले-डेलच्या छोट्या चर्चच्या आवारात पुरलं, तेही एवढे की जागा पुरेना आणि आवार वाढवावं लागलं. आम्ही तिथून तिथेच गेलो, आईच म्हणाली जाऊया. झाडी, ओढ्याचा आवाज, वारा कुठल्याकुठे गेलेला. आत भिंतीवर संगमरवराची पाटी आहे, रेल्वे कंपनीने आणि सोबतच्या मजुरांनी वर्गणी काढून लावलेली, सेटल ते डेंट हेडच्या कामात अपघातात जीव गेलेल्यांसाठी. अपघातात. देवीने गेलेली मुलं, बाळंतपणात गेलेल्या बायका त्या पाटीत बसत नाहीत, कारण त्या काही पुलावरून पडल्या नव्हत्या. बाहेर मात्र एक नवा दगड आहे, २००० साली बसवलेला, त्यावर पुरुष, बायका आणि मुलं असं स्पष्ट लिहिलंय आणि अपघात किंवा आजार असंही. सव्वाशे वर्षं लागली तेवढे शब्द वाढवायला. हे मी रागाने लिहीत नाहीये, खरं तर उलट. कोणीतरी बसून नोंदवह्या चाळल्या असतील, दफनाच्या तारखा आणि वयं उतरवून काढली असतील, आणि मग म्हणाले असतील की अरे, हे सगळे त्या पाटीत नाहीत. असली कामं पगारावर होत नाहीत. ती त्या आजोबांसारखा कोणीतरी घरून डबा आणून करतो.

मला तेव्हा बोरघाट आठवला. त्या घाटातून आपण किती वेळा जातो, बोगदे मोजतो, वडा घेतो. तिथलं रेल्वेचं काम १८५६ ते १८६३ चाललं, म्हणजे रिबलहेडच्या जरा आधीच. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्या आल्या आजारी पडून गेला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, ते कंत्राट पुढे चालवलं, हे आपल्याला नावानिशी माहिती असतं. पटकीने गेलेल्या हजारो मजुरांतलं, त्यांच्याबरोबर पाटी उचलणाऱ्या बायकांतलं एक नाव मला सांगता येणार नाही. तुम्हाला येतं का? बरं, एवढंच. पुन्हा रिबलहेडला येते.

परतीच्या वाटेवर गाडीत वाद झालाच. नवऱ्याचं म्हणणं, अशा जागा म्हणजे रिटायर लोकांचा छंद, ते आहेत तोवर ठीक, पुढे कोण करणार? इथे येणाऱ्यांची सरासरी वयं बघ. यात तथ्य आहे. आम्ही होतो तेवढ्या वेळात सत्तरीच्या आतला एकही व्हॉलंटियर मला दिसला नाही. आणि माझी अढी पूर्ण गेली असंही नाही, कारण ते स्टेशन आज जेवढं देखणं आहे तेवढं ते कधीच नव्हतं. तिथला स्टेशनमास्तर हवामानाच्या नोंदी घेऊन कळवायचा, रविवारी वेटिंग रूममध्येच चर्चची प्रार्थना व्हायची कारण आसपास जायला दुसरी जागा नाही, १९४७ च्या हिवाळ्यात जवळपास दोन महिने बर्फात लाइन गाडलेली. गार्सडेलला तर म्हणे इंजिन फिरवायच्या चकतीवर वाऱ्याने इंजिनच गरागरा फिरवलं, थांबेना, शेवटी खड्ड्यात राख की वाळू टाकून थांबवलं आणि मग भोवती रुळांखालचे लाकडी स्लीपर उभे करून कुंपण घातलं. अशा जागेला पॉलिशचा वास शोभत नाही. चिखल, कोळसा आणि ओल्या मेंढ्या यांचाच शोभतो. पण ती ओल तशीच ठेवली असती तर छप्पर कधीच खाली आलं असतं, आणि मग आईला खुर्ची कोणी दिली असती, हेही आहेच. दोन्ही मला एकाच वेळी पटतं आणि मी नवऱ्याला तसं म्हटलं तर तो म्हणाला, मग वाद कशावर घालतेयस.

रात्री आई मावशीशी व्हिडिओ कॉलवर. मला वाटलं पुलाचं सांगेल, फोटो तर तिने ढीगभर काढले होते. पण तिने सुरुवात केली बॅटी ग्रीनपासून, चिखलातल्या चुलींपासून, जणू तिथली एखादी बाई हिच्या शेजारी राहून गेलीये, आणि मग आला कुत्रा. भाडं भरलेला कुत्रा, हरकत घेणारा कुत्रा, पुतळा झालेला कुत्रा. पलीकडून मावशीचा आवाज, "अगं पण कुत्र्याने सही कशी केली?"

"पंजा उठवला गं. आपली आजी खरेदीखतावर अंगठा उठवायची ना, तसा."

मावशी भडकली. आजीला कुत्र्याच्या रांगेत बसवतेस काय म्हणून तिने जे सुरू केलं, त्यावर आई म्हणाली, "बसवते. दोघांचेही धरले ना त्या लोकांनी!" आणि मग पुढचा अर्धा तास त्या खरेदीखतातल्या जमिनीचं पुढे काय झालं यावरून दोघींचं जुंपलं.